रात्रीचा मोबाइल आणि किशोरांची झोप : 'नाइट मोड' पुरेसा आहे का?

"नाइट मोड चालू आहे ना, मग काय होतंय?" रात्री साडेअकराला दहावी-बारावीतल्या मुलांकडून हे उत्तर बऱ्याच घरांत ऐकू येतं. स्क्रीन पिवळसर केली की झोपेचा प्रश्न सुटला, असा समज आहे. पण प्रश्न फक्त प्रकाशाचा नाही.

किती झोप हवी?

'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन'च्या २०१६ च्या शिफारशीनुसार १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचं असेल, तर रात्री दहाला झोप लागलेली हवी.

मुलं उशिरापर्यंत का जागतात?

हा निव्वळ आळस नाही. अंधार पडला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवतं आणि रात्र झाल्याचं शरीराला कळतं. वयात येताना ही वेळ उशिराची होते. त्यामुळे अकराला मुलं टवटवीत असतात आणि सहाला उठता उठत नाहीत. मोबाइल नसला तरी हे घडतं. मोबाइल त्यात भर घालतो.

प्रकाशाचा परिणाम किती?

डोळ्यांतल्या काही पेशी निळसर प्रकाश पडला की मेंदूला 'अजून दिवस आहे' असा संदेश देतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगात १२ तरुणांनी पाच रात्री झोपण्याआधी सुमारे चार तास टॅबलेटवर वाचन केलं आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचलं. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टॅबलेटमुळे मेलाटोनिन स्रवण्याची वेळ सुमारे दीड तास पुढे गेली. झोप लागायला मात्र सरासरी दहा मिनिटंच जास्त लागली.

युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये १८ ते २४ वर्षांच्या तरुणांची तुलना केली. आयफोनचा 'नाइट शिफ्ट' चालू ठेवणारे आणि बंद ठेवणारे यांच्या झोपेत लक्षणीय फरक दिसला नाही.

मग झोप कशाने उडते?

- वेळ : 'एकच रील' म्हणता म्हणता तास जातो. तो झोपेतूनच वजा होतो.
- उत्तेजना : गेम, भांडणाच्या कमेंट्स, लाइक्सची वाट यांमुळे मन शांत होत नाही.
- मोबाइल जवळ असणं : २०१६ मध्ये सव्वा लाखाहून अधिक मुलांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला गेला. झोपायच्या वेळी उपकरण वापरणाऱ्या मुलांमध्ये अपुरी झोप आणि दिवसा येणारी पेंग जास्त दिसली. उपकरण न वापरता नुसतं हाताशी असणाऱ्यांतही हा संबंध आढळला.

मनावर काय परिणाम होतो?

झोप कमी पडली की चिडचिड वाढते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पण हे उलटही असतं : काळजीने झोप न लागणारं मूल मन रमवायला मोबाइल उघडतं. अशा वेळी मोबाइल हिसकावून घेतला, तरी मूळ काळजी तशीच राहते. आधी विचारपूस करा.

काय करता येईल?

- रात्री घरातले सगळे मोबाइल एकाच ठिकाणी, अंथरुणापासून दूर चार्जिंगला लावा. आईबाबांचेही.
- गजरासाठी साधं घड्याळ वापरा.
- नोटिफिकेशन्स बंद ठेवा. ग्रुपवर 'दहानंतर उत्तर नाही' हे सांगून टाका.
- सकाळी उठल्यावर उन्हात थोडं चाला. त्याने शरीराचं घड्याळ लवकरच्या वेळेवर यायला मदत होते.
- सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपू नका.

शाळेची वेळही महत्त्वाची

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला. पण शरीराचं घड्याळ खरं उशिरा सरकतं ते त्यापुढच्या वयात. त्या मुलांना या निर्णयाचा लाभ नाही. म्हणून त्यांच्यासाठी रात्रीचा प्रत्येक तास मोलाचा आहे.

झोपेची तक्रार काही आठवडे टिकली किंवा सोबत उदासी असली, तर डॉक्टरांना भेटा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.