एक धून आणि तिचे वारस

शासकीय सेवेत असताना आम्ही अनेक गावी कार्यभार घेतला आणि तितक्याच वेळा तो दुसऱ्याच्या हाती सोपवला. या देण्याघेण्यात दोन प्रकारचे अधिकारी आमच्या पाहण्यात आले. काही जण खुर्चीवर बसताच आधीच्या माणसाच्या साऱ्या खुणा पुसून टाकत. काही जण आधीच्याने फाइलीवर मारलेल्या शेऱ्यापलीकडे एक अक्षर लिहायला धजत नसत. दोघांच्याही हातून काम बिघडलेले आम्ही पाहिले आहे. आपल्या आधी कोणी थोर माणूस तेथे बसून गेला असेल, तर त्याच्या वारसाने काय राखावे आणि काय बदलावे, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. त्याचे उत्तर एका विलायती चित्रपटमालिकेच्या संगीतात शोधावे लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

त्याला कारण आमचा नातू. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या गोष्टी मराठी घरांना आता परक्या राहिलेल्या नाहीत. पहिल्या पुस्तकाचा बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केलेला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा अनुवाद आमच्याही कपाटात आहे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवाने आठही चित्रपट आम्हांस क्रमाने दाखवले. पहिले तीन पाहताना तो पार्श्वसंगीताबरोबर गुणगुणत असे. पाचव्या चित्रपटापाशी तो थांबला आणि म्हणाला, “आजोबा, ती धून कुठे गेली?” आम्ही तेव्हा उत्तर दिले ते घाईचे होते. म्हणालो, “पहिला संगीतकार गेला, धूनही गेली.” पुढे तेच चित्रपट पुन्हा लक्षपूर्वक ऐकले, तेव्हा आपले उत्तर अर्धेच खरे होते असे ध्यानात आले.

आधी इतिहास थोडक्यात सांगतो. 2001 ते 2011 या काळात आठ चित्रपट झाले. दिग्दर्शक चार झाले आणि संगीतकारही चार. पहिल्या तीन चित्रपटांचे संगीत अमेरिकेच्या जॉन विल्यम्स यांचे, चौथ्याचे स्कॉटलंडच्या पॅट्रिक डॉयल यांचे, पाचव्या व सहाव्याचे इंग्लंडच्या निकोलस हूपर यांचे आणि अखेरच्या दोन भागांचे फ्रान्सच्या अलेक्सांद्र देप्ला यांचे. याच सुमारास ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही दुसरी अद्भुतरम्य मालिका आली. तिच्या 2001 ते 2003 मधल्या तिन्ही चित्रपटांना हॉवर्ड शोर या एकाच संगीतकाराचे संगीत आहे. तेथे एका हाताने पाया घातला आणि त्याच हाताने कळस चढवला. पॉटरच्या मालिकेत तसे झाले नाही, म्हणूनच वारशाचा अभ्यास करण्यास ती अधिक सोयीची आहे.

पाश्चात्त्य संगीतनाट्यात पात्राला, स्थळाला किंवा एखाद्या भावनेला स्वरांची एक खूण नेमून देण्याची रीत आहे. रिखार्ड वाग्नरच्या ‘रिंग’ या नाट्यमालेत, जी 1876 साली बायरॉइथ येथे प्रथमच सलग सादर झाली, ही रीत फार मोठ्या प्रमाणावर दिसते. पात्र रंगमंचावर नसले तरी त्याची स्वरखूण वाजते आणि श्रोत्याला त्याची आठवण होते. चित्रपटसृष्टीत ही रीत नव्याने रुजवणाऱ्यांत विल्यम्स अग्रणी. 1932 साली जन्मलेल्या या संगीतकाराने 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये तिचा वापर कसा केला, हे चित्रपटरसिकांस ठाऊक आहेच.

पॉटरच्या पहिल्या चित्रपटासाठी विल्यम्स यांनी जी धून रचली, तिला हॅरीच्या पांढऱ्या घुबडाचे, हेडविगचे, नाव आहे. तीन मात्रांच्या झोक्यावर ती हलते. आरंभीचे स्वर ऐकून एखादे जुने अंगाईगीत ऐकतो आहोत असे वाटते आणि तेवढ्यात अपेक्षित जागा सोडून स्वर भलत्याच पायरीवर पाऊल ठेवतो. ओळखीच्या वाटेवरून चालताना अनोळखी दार उघडावे, तसा तो अनुभव असतो. पुढे ही खूण त्या पक्ष्याची राहिली नाही, साऱ्या जादूई जगाचीच झाली.

ही धून प्रथम ज्या वाद्यावर वाजते ते सेलेस्टा. दिसायला लहान पियानोसारखे. पट्टी दाबली की आतली हातोडी धातूच्या पातळ पट्टीवर पडते आणि काचेच्या घंटेसारखा नाद उमटतो. पॅरिसच्या ऑग्यूस्त म्यूस्तेल यांनी 1886 साली ते सिद्ध केले आणि 1892 च्या ‘नटक्रॅकर’ या नृत्यनाट्यात चायकोव्हस्कींनी त्याला परीकथेच्या दारात आणून बसवले. आम्हां बडोदेकरांस 1886 हे साल दुसऱ्या कारणाने स्मरते. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. गुरूच्या कंठातले शिष्याच्या कंठात जाताना हरवू नये, म्हणून मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली. वारसा कसा टिकवावा ही चिंता तेव्हाही होती.

दुसरा चित्रपट 2002 साली आला. विल्यम्स यांच्या हाती तेव्हा इतरही कामे होती. त्यांच्या रचनांची चित्रपटाच्या गरजेप्रमाणे जुळवणी आणि वाद्यवृंदाचे संचालन विल्यम रॉस यांनी केले. आमच्या भाषेत सांगायचे तर हा ‘अतिरिक्त कार्यभार’ होता, आणि रॉस यांनी तो निष्ठेने सांभाळला. येथे धून जवळजवळ जशीच्या तशी पुढे आली.

खरी गंमत तिसऱ्या चित्रपटात आहे. 2004 च्या या चित्रपटाचे दिग्दर्शक ख्रिस कोलंबस नव्हते, अल्फोन्सो क्वारोन होते. दिग्दर्शक बदलताच विल्यम्सही बदलले. त्यांनी युरोपातील मध्ययुगीन वाद्ये आणली, शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधल्या चेटकिणींचे शब्द मुलांच्या समूहाकडून गाऊन घेतले, रात्री धावणाऱ्या जादूच्या बससाठी जॅझचा धांगडधिंगा उडवला. हॅरीला त्याच्या मृत आईबापांची ओढ लागते, त्यासाठी अलगुजासारख्या रेकॉर्डरवर एक नवी उदास सुरावट लिहिली. आपल्या लोकप्रिय धुनीवर विसंबून राहण्याची त्यांना मुभा होती. तरी त्यांनी ती मागे ठेवली आणि नवे शोधले. म्हणजे धून कमी वाजवण्याची सुरुवात वारसांनी केली नाही, मूळ पुरुषानेच केली. नातवाला उत्तर देताना आम्ही हे विसरलो होतो.

2005 या एका वर्षात विल्यम्स यांचे संगीत असलेले चार मोठे चित्रपट प्रदर्शित झाले. त्याच वर्षीच्या चौथ्या पॉटर चित्रपटाचे काम पॅट्रिक डॉयल यांच्याकडे गेले. दिग्दर्शक माइक न्यूएल यांच्याबरोबर त्यांनी पूर्वी काम केलेले होते. शेक्सपिअरच्या नाटकांवरील केनेथ ब्रानाच्या चित्रपटांमुळे राजसभा, रणवाद्ये आणि शोकगीते यांत त्यांचा हात मुरलेला होता. त्यांनी आरंभीच हेडविगची धून घेतली, पण अंधारात बुडवून. त्यानंतर ते स्वतःच्या वाटेने गेले. शाळेसाठी स्तोत्र, बॅण्डसाठी कूच, नृत्यसमारंभासाठी वॉल्ट्झ. काहींना हे संगीत जादूई वाटले नाही. आम्हांसही प्रथम वाटले नव्हते.

मग आम्ही शेवटचा प्रसंग पुन्हा पाहिला. स्पर्धेतून हॅरी परततो तो सेड्रिक या सहाध्यायाचा मृतदेह कवटाळून. प्रेक्षकांस अजून काही कळलेले नाही. बॅण्ड विजयाची कूच मोठ्याने वाजवतो आहे. हळूहळू काय झाले ते उमगते, सूर विस्कटतात, वाद्ये थांबतात आणि बापाचा आक्रोश तेवढा उरतो. त्या जागी परीकथेची धून वाजली असती तर ते पाप ठरले असते. मुलांची गोष्ट त्या क्षणी मोठ्यांची झाली आणि ते डॉयल यांनी वाद्ये गप्प करून सांगितले.

पाचव्या चित्रपटापासून (2007) डेव्हिड येट्स दिग्दर्शक झाले. त्यांच्याबरोबर निकोलस हूपर आले. त्यांची जोडी दूरदर्शनवरील मालिकांत जमलेली होती. हूपर यांचे नाव तिघा वारसांत सर्वांत कमी घेतले जाते आणि त्यांच्यावर टीका मात्र सर्वांत जास्त होते. त्यांच्या संगीताला विल्यम्स यांचे भरजरी वस्त्र नाही, हे खरेच. परंतु अम्ब्रिज बाईंसाठी त्यांनी काय केले पाहा. गुलाबी पोशाख, गोड हसू आणि मुलांच्या हातावर जखमा उमटवणारी लेखणी, असे ते पात्र आहे. हूपर तिच्यामागे भयाचे नगारे वाजवत नाहीत. ते नीटनेटकी, किणकिणती, अगदी शिस्तीची चाल देतात, आणि तिच्या नीटसपणाचाच काटा येतो. कार्यालयांतून आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या माणसाला ही चाल फारच ओळखीची वाटली.

सहाव्या चित्रपटात (2009) वृद्ध गुरू डम्बलडोर मरण पावतात. मृतदेहाभोवती जमलेले विद्यार्थी आणि शिक्षक आपापल्या छड्या उंचावतात आणि त्यांच्या उजेडाने आकाशातले अशुभ चिन्ह विरघळते. कोणी बोलत नाही. हूपर येथे तंतुवाद्यांचा एक संथ विलाप ठेवतात. त्यात कोठेही गहिवराचे प्रदर्शन नाही. या विलापाची गोष्ट पुढे आहे.

अखेरच्या कथेचे दोन भाग झाले, 2010 आणि 2011 साली. त्यांचे संगीत 1961 साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या देप्ला यांचे. पहिल्या भागाच्या आरंभी हर्मायनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीतून स्वतःला पुसून टाकते, त्यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून. भिंतीवरच्या छायाचित्रांतून ती एकेक करून नाहीशी होते. देप्ला येथे तंतुवाद्यांची एक अस्वस्थ आकृती पुन्हा पुन्हा फिरवतात. या भागात मुले शाळेपासून, घरापासून दूर रानोमाळ भटकतात. ज्या जगाची ती जुनी धून, ते जगच हातचे गेलेले असते. शिवाय जिच्या नावाची धून, ती हेडविग याच भागात मारली जाते. धून येथे अगदी मोजकी ऐकू येते, आणि नातवाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. ती हरवली नव्हती. गोष्टीतल्या मुलांपासूनच ती दुरावली होती.

दुसऱ्या भागाचा आरंभ हॅरीच्या आईच्या नावाच्या ‘लिलीज थीम’ या सुरावटीने होतो. एका तरुणीचा एकाकी आवाज शब्दांवाचून गातो. हा आवाज माई फुजिसावा यांचा, जपानचे विख्यात चित्रपटसंगीतकार जो हिसाइशी यांच्या कन्येचा. पुढे स्नेपच्या आठवणींतून त्याच्या साऱ्या आयुष्याचे रहस्य उलगडते. त्या नाजूक प्रसंगी देप्ला आपल्या सुरावटीबरोबर हूपर यांचा तो गुरुमृत्यूचा विलापही घेतात. ज्यांच्या कामाला कमी लेखले गेले, त्यांचा सूर पुढच्याने मालिकेच्या सर्वांत हळव्या जागी आदराने ठेवला. तो प्रसंग त्या विलापाशी जोडलेला होता, म्हणून तेथे तोच हवा होता.

आणि शेवट. एकोणीस वर्षांनंतर मोठी झालेली तीच मुले आपल्या मुलांना त्याच फलाटावर निरोप देतात. या प्रसंगासाठी देप्ला यांची स्वतंत्र रचना होती. ध्वनिमुद्रिकेत ती आहेही. चित्रपटात मात्र ऐकू येते ते विल्यम्स यांनी पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस, शाळेचे पहिले वर्ष संपून मुले घरी निघतात तेव्हासाठी, लिहिलेले संगीत. दहा वर्षे आणि तीन वारस ओलांडून ते परत आले. मधल्या सहा-सात वर्षांत तेच ते सतत वाजत राहिले असते, तर या परतण्याला काय अर्थ उरला असता? ते दूर ठेवण्याची हिंमत वारसांनी दाखवली, म्हणून त्याचे येणे डोळ्यांत पाणी आणते.

हे सारे लिहिताना आमच्या मनात एक घरगुती गोष्ट सलत होती, ती सांगून थांबतो. आमच्या पूर्वजांनी देशावरून येताना गणपतीच्या आरतीची एक संथ चाल बरोबर आणली. पुण्याच्या आमच्या आप्तांतही ती आता कोणी म्हणत नाही. आमची सून गुजराती. लग्नानंतर दोन वर्षांत तिने ती आरती पाठ केली, पण कडव्याच्या शेवटी तिचा आवाज गरब्याच्या वळणाने किंचित वर जाई. एका वर्षी चारचौघांत आम्ही तिला टोकले. पुढल्या गणपतीत ती टाळ्या वाजवत उभी राहिली, गायली नाही. आम्हीही काही बोललो नाही. चाल शुद्ध राहिली आणि ती गाणारा एक गळा कमी झाला.

गेल्या भाद्रपदात समई लावून झाल्यावर आम्ही तिला म्हणालो, “आरती आज तू उचल.” तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि सुरुवात केली. कडव्याच्या शेवटी सूर वर गेला. नातवाने तो तसाच उचलला. शेवटचे कडवे मात्र तिने, कोणी न सांगता, आमच्या आईच्या जुन्या संथ चालीत म्हटले.