बांबू, तार आणि परवाना

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या बोलण्यात 'बीम' हा शब्द सारखा येतो. "बीम लावलाय का?", "बीम जपानकडे फिरव", वगैरे. बीम म्हणजे झोत. साधा अँटेना बल्बसारखा असतो, चहूकडे उजेड सांडतो. बीम अँटेना टॉर्चसारखा. बल्ब तेवढाच, वीजही तेवढीच, पण मागे आरसा लावल्यामुळे सगळा उजेड एका दिशेला जातो. थोड्या शक्तीत फार लांब पोचायचं असेल तर याला पर्याय नाही, आणि हौशी माणसाकडे शक्ती नेहमी थोडीच असते.

हा शब्द महाराष्ट्रात आला तो मात्र एखाद्या हौशी माणसाच्या छपरावरून नव्हे, तर साम्राज्याच्या दिमाखात आला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत आणि इंग्लंड यांच्यातल्या बिनतारी 'बीम' सेवेचं उद्घाटन केलं. संदेश पाठवायचं केंद्र खडकीला आणि घ्यायचं केंद्र दौंडला. पलीकडे इंग्लंडात ग्रिम्सबी आणि स्केगनेस. दोन केंद्रं अशी लांब लांब ठेवण्याचं कारण साधं आहे. स्वतःच बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्या माणसाला त्याच वेळी समोरच्याची कुजबुज ऐकू येत नाही. (त्याच दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या रेडिओ केंद्राचंही उद्घाटन झालं, आणि आपल्याकडच्या रेडिओच्या इतिहासात सगळे तेवढंच लक्षात ठेवतात. खडकी-दौंड कुणाच्या गावीही नसतं!)

मार्कोनी कंपनीचे अभियंते फ्रँकलिन यांनी आखलेल्या या बीमचा पसारा विचारू नका. इंग्लंडमधल्या अशा केंद्रांवर सुमारे पावणेतीनशे फूट उंचीच्या मनोऱ्यांची रांग, त्यांच्यामध्ये पडद्यासारख्या सोडलेल्या तारा, आणि त्या पडद्यामागे आरशाचं काम करणारा तारांचाच दुसरा पडदा. एकदा लंडनकडे तोंड करून उभा केला की तो कायमचा लंडनकडेच बघणार. असला बीम बांधायचा तर कंपनी हवी, भांडवल हवं आणि सरकार पाठीशी हवं.

आता गंमत बघा. याच्या एकच वर्ष आधी, १९२६ साली, जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा नावाच्या तरुण संशोधकाने काही धातूच्या कांड्या एका ओळीत उभ्या करून हेच काम करून दाखवलं होतं. त्याच्या रचनेत वायर फक्त एकाच कांडीला जोडलेली असते. तिच्या मागे थोडी लांब कांडी, तो आरसा. पुढे थोड्या आखूड कांड्या, त्या लहरींना वाट दाखवतात. या बाकीच्या कांड्यांना काहीही जोडलेलं नसतं. नुसत्या लांबीमुळे आणि अंतरामुळे त्या कामाला लागतात. कांडीची लांबी लहरीच्या निम्म्याहून थोडी जास्त ठेवली की ती मागे परतवते, थोडी कमी ठेवली की पुढे ओढते. एवढंच.

उदा यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी. १९२८ साली यागींनी यावर इंग्रजीत लेख लिहिला, तो अमेरिकेत छापून आला आणि जगाने त्या अँटेनाला 'यागी' म्हणायला सुरुवात केली. मेहनत बरीचशी उदांची, नाव गुरुजींचं. जाणकार मंडळी आता 'यागी-उदा' म्हणतात, पण बाजारात जाऊन उदा अँटेना मागितलात तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. खुद्द जपानमध्ये या शोधाची फारशी कुणी दखल घेतली नव्हती. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर जपानी अधिकाऱ्यांना एका ब्रिटिश सैनिकाच्या रडारविषयीच्या वहीत 'यागी' हा शब्द सापडला, तो त्यांना कळेना, आणि शेवटी एका युद्धकैद्यानेच त्यांना सांगितलं की अहो, हे तुमच्याच माणसाचं नाव आहे, असा किस्सा सांगितला जातो. उदा पुढे १९५० च्या दशकात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम करून गेले. म्हणजे ज्या माणसाने साम्राज्याचा बीम घराच्या छपरावर मावेल एवढा केला तो काही वर्षं आपल्याच देशात राहत होता, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

त्याची ती कांड्यांची ओळ मात्र आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. दूरदर्शनच्या दिवसांत प्रत्येक छपरावर जो अँटेना असायचा, तो यागीच. आमच्या गोंदियात कौलांवर, स्लॅबवर, बिडी कारखान्यांच्या आणि राइस मिलच्या पत्र्यांवर हे अ‍ॅल्युमिनियमचे मासळीचे काटे उभे असत. आणि सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला! वारा सुटला, माकडं नाचून गेली की कुणीतरी वर चढायचं, खालून घरचे ओरडायचे. गोंदिया हिंदीशी शेजार केलेलं गाव, त्यामुळे आमच्याकडे हा संवाद हिंदीतच व्हायचा. "आया क्या?" "आया, आया... गया!" पाइप दोन बोटं फिरवला की मुंग्यांमधून माणसं दिसू लागत. बीम अँटेनाचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे. ते आम्ही न शिकताच शिकलो.

अँटेना घरी किंवा गल्लीतल्या दुकानात बनवणं यातही काही विशेष वाटत नसे. विशेष वाटून घेऊ नये असा धडा तर सरकारनेच शेजारी रायपूरकडच्या खेड्यांत घालून दिला होता. १९७५-७६ मध्ये इस्रोने अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांना थेट टीव्ही दाखवला, तो 'साइट'चा प्रयोग. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण तेव्हाच्या मध्य प्रदेशातली, आजच्या छत्तीसगडमधली गावं होती. तिथे बसवलेल्या दहा फुटी तबकड्या कसल्या होत्या? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या! लहरीला छिद्रं दिसत नाहीत, ती पुरेशी लहान असली की झालं.

पण घेणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. टीव्हीचा अँटेना फक्त ऐकतो. त्याच कांड्यांमधून बोलायचं म्हटलं की कायदा आडवा येतो. १८८५ चा तार कायदा, त्यावर १९३३ चा बिनतारी कायदा, ज्यात परवान्याविना यंत्र नुसतं बाळगणं हाही गुन्हा. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने सगळ्या हौशी लोकांचे परवाने रद्द केले आणि यंत्रं जमा करायला लावली.

सुटे भाग जमवून यंत्र बांधणं ही आपल्याकडे नुसती हौस कधीच नव्हती, ते पुढच्या तीनच वर्षांत मुंबईत दिसलं. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. यंत्र जमवलं नरिमन प्रिंटर यांनी, ज्यांच्याकडे युद्धाआधी हौशी परवाना होता. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्यावर साहित्य पुरवल्याचा आरोप ठेवला गेला, ते पुढे सुटले. जागा बदलत बदलत हे केंद्र चाललं आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं. प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटरची. हिशोब केला तर ही ७.०८ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे चक्क हॅम लोकांच्या ४० मीटर पट्ट्यात. आज त्याच जागी रोज सकाळी भारतभरचे हॅम एकमेकांना हवापाणी विचारत असतात. परवाना घेऊन, अर्थात.

आता बांबूकडे येतो, कारण मला खरं ते सांगायचंय.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरची राजधानी कीतो समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या एचसीजेबी या मिशनरी रेडिओ केंद्रावर यागीसारखाच कांड्यांचा बीम होता आणि १० किलोवॅट शक्ती. तिथल्या विरळ हवेत कांड्यांच्या टोकांना ठिणग्यांचे तुरे फुटायचे आणि धातू वितळून टोकं गळून पडायची. क्लॅरेन्स मूर नावाच्या अभियंत्याने १९४२ मध्ये यावर तोड काढली. टोकंच नकोत! कांडीऐवजी त्याने तारेचा बंद चौकोन घेतला. एक चौकोन पुढे, एक किंचित मोठा मागे. याला 'क्यूबिकल क्वाड' म्हणतात. तार स्वतः उभी राहत नाही, म्हणून तिला ताणून धरायला काठ्या लागतात, आणि त्या वीज वाहणाऱ्या चालत नाहीत. म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी कित्येक वर्षं त्या कशाच्या केल्या? बांबूच्या.

गोंदियाच्या माणसाने हे वाचल्यावर त्याला काय वाटेल? अमेरिकेतला हॅम गालिच्यांच्या दुकानात जाऊन, गालिचे गुंडाळून येतात ते बांबू मागून आणायचा. आमच्याकडे नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला मानवेल आणि कटांग असे दोन्ही बांबू आहेत. मानवेल जवळजवळ भरीव, चिवट. कटांग जाड आणि पोकळ. कुठला बांबू कधी तोडायचा, बोडीत किती दिवस भिजत घालायचा म्हणजे भुसा पडत नाही, हे सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरूडाला कुठल्याही अँटेनाच्या पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

२० मीटरच्या पट्ट्यासाठी, म्हणजे १४ मेगाहर्ट्झला, लागणारी सामग्री सांगतो. पुढच्या चौकोनाची तार साधारण २१.६ मीटर, एक बाजू ५.४ मीटर. मागचा चौकोन अडीच-तीन टक्के मोठा. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत बांबू पुढच्याला ३.८ आणि मागच्याला ३.९ मीटरचा, असे आठ. मधलं अंतर अडीच ते तीन मीटर. तांब्याची तार मोटार वाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. बांबूला वर वॉर्निश, कारण ओला बांबू लहर पितो, आणि तार थेट बांबूला न बांधता मध्ये नायलॉनची दोरी. उरली केबल. हॅमच्या यंत्राला ५० ओहमची केबल लागते, ती आमच्याकडे मिळत नाही. मिळते ती केबल टीव्हीवाल्याची ७५ ओहमची. एकट्या चौकोनाचा रोध शंभर-सव्वाशे ओहम भरतो, आणि पाव लहर लांबीचा ७५ ओहमचा तुकडा मध्ये घातला की तोच रोध यंत्राला पन्नासच्या आसपास दिसतो. मागे दुसरा चौकोन उभा केला की रोध मुळातच उतरतो, मग हा तुकडाही लागेलच असं नाही. केबलवाल्याच्या उरलेल्या गुंडाळीत हे सगळं सापडतं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास 'बिटएक्स' हे घरी बांधायचं यंत्र आखलं, तेव्हा कॉइल गुंडाळायला नळाचे वायसर वापरले होते, कारण परदेशी कड्या बाजारात मिळेनात. जगभर लोकांनी ते यंत्र बांधलं. लॅमिंग्टन रोडला न जाता, शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात!

म्हणजे तार होती, बांबू होता, हात होते. मग असे बीम गावोगाव का उभे राहिले नाहीत? मला वाटतं, यात तंत्रज्ञानाचा प्रश्न कमी आणि परवान्याचा जास्त. तारेचं सांगितलंच. पण बांबूचंही तेच होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला, जे मुळात गवत आहे, 'झाड' ठरवलं. खडकीचा बीम आणि हा कायदा एकाच वर्षातले. बुरूडाला सवलतीचा बांबू मिळायचा तो कार्डावर, आणि न्यायचा तर वाहतूक परवाना हवा. शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला आपल्याच जंगलातला बांबू विकायचा, वाहतुकीचा परवाना स्वतः द्यायचा हक्क मिळाला तो २०११ च्या एप्रिलमध्ये, वनहक्क कायदा होऊन चार वर्षं उलटल्यावर. कायद्यातलं 'झाड' तर २०१७ पर्यंत टिकलं. जंगलाबाहेरचा बांबू तेव्हा मोकळा झाला, जंगलातला आजही वनोपजच आहे. ज्याला बांबू कळतो त्याला बांबू मोजून मिळायचा, आणि ज्याला लहर कळते त्याला बोलायला दिल्लीचा कागद लागायचा. आठ काठ्या आणि चव्वेचाळीस मीटर तार एकत्र यायला दोन खाती मध्ये होती.

तारेचा कागद आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. सुरुवातीच्या दर्जाच्या परवान्याला मोर्सची अटही उरलेली नाही. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, पण परवाना लागतोच, आणि लागावा असं माझं मत आहे. विमानांच्या, पोलिसांच्या लहरींवर कुणीही उठून बोलायला लागला तर काय होईल! अडचण आता वेगळीच आहे. हातात मावणारा तयार वॉकीटॉकी स्वस्तात मिळतो, त्यामुळे बांबू तासायला कुणी बसत नाही. बुरूडाच्या पुढच्या पिढीचंही तसंच.

तरीही कुणाला करायचाच असेल, तर शेवटची एक गोष्ट. बीम फिरवायला मोटार लागत नाही, खाली दोन दोऱ्या सोडल्या की भागतं. पण दिशा शाळेच्या नकाशावरून ठरवू नका. पृथ्वी गोल आहे, लहर सर्वांत जवळच्या वाटेने जाते. गोंदियाहून लंडन पश्चिमेला नाही, वायव्येला आहे, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलं तर साधारण ३१८ अंशांवर. बांबूचा चौकोन जिथे जन्मला ते कीतो ३१३ वर, म्हणजे लंडनची दोरी तीच कीतोची. सेंदाईसाठी मात्र ईशान्य धरून थोडं पूर्वेकडे यायचं, ५७ अंश. दोरीला तेवढी एक गाठ मारून ठेवा.