चौसष्ट घरे आणि उरलेली जागा

बुद्धिबळाचा पट संगणकाच्या पडद्यावर मांडायला बसलेल्या नवशिक्याला ६४ घरांची जागा तोंडपाठ असते. तरीही जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याला खिडकीत पॅनेल आणि त्या पॅनेलमध्ये आणखी पॅनेल अशी उतरंड रचायला लावते. हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर इतिहासात आहे. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर बटण ठेवले की त्याचे डावीकडून आणि वरून अंतर ट्विपमध्ये, म्हणजे इंचाच्या १४४०व्या भागात, नोंदले जाई. कार्यक्रम फक्त विंडोजवर चालायचा होता, म्हणून ते खपून गेले. १९९६च्या जानेवारीत जावाची पहिली आवृत्ती आली ती एकच कार्यक्रम कुठल्याही यंत्रावर चालवण्याचे वचन देत. तिच्या एडब्ल्यूटी या संचातली बटणे मात्र त्या त्या यंत्राची स्वतःची असत, त्यामुळे एकाच बटणाचा आकार विंडोजवर एक, तर सोलारिसवर दुसरा. अंतराचा आकडा आधी ठरवणेच अशक्य झाले. मग आकड्याऐवजी नाते सांगायचे ठरले: हे वर, ते डावीकडे, उरलेले मध्ये. पॅनेलमधल्या वस्तूंची अशी मांडणी करणारे बॉर्डरलेआउट आणि ग्रिडलेआउट हे त्या पहिल्या आवृत्तीतच होते. म्हणजे ही उतरंड जन्मली ती पडदा किती मोठा आणि बटण किती रुंद हे आधी ठाऊक नसल्यामुळे. ‘उरलेली जागा कोणाची?’ हाच तिचा मूळ प्रश्न आहे.

यावर आक्षेप येतो की पटाला हे सारे लागतच नाही. घराची रुंदी ६० धरली तर स्तंभाचा क्रमांक गुणिले ६० केले की घर सापडते. आक्षेपात तथ्य आहे आणि पटाच्या आत तो मान्यच करावा, कारण तिथली नाती कधी बदलत नाहीत. पण पटाबाहेर वेळ दाखवणारी पट्टी असते, चालींची यादी असते, ‘नवा डाव’ असे बटण असते. अक्षराचा आकार बदलला किंवा मजकूर दुसऱ्या भाषेत गेला की त्यांची रुंदी बदलते आणि मोजून ठेवलेले आकडे एकमेकांवर चढतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ही उतरंडच पट बिघडवते. तेही खरे. बॉर्डरलेआउटचा मधला भाग उरलेली सगळी जागा घेतो, ग्रिडलेआउट ती ६४ घरांत सारखी वाटतो. खिडकी आडवी ताणली की चौरस घरे आयताकृती होतात. पण दोघेही सांगितलेलेच करतात. पट चौरस राहिला पाहिजे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. पटाने आपला अपेक्षित आकार भोवतालच्या पॅनेलच्या लहान बाजूएवढा सांगावा आणि त्या पॅनेलला ग्रिडबॅगलेआउट द्यावा. वेगळी सूचना नसेल तर तो आतल्या वस्तूला न ताणता मधोमध ठेवतो. उरलेली जागा मग पटाच्या कडेला मोकळी राहते. म्हणून नवशिक्याने घरे मोजण्याआधी ही मोकळी जागा कोणाच्या वाट्याला द्यायची ते ठरवावे. घरांचा हिशेब त्यानंतर सोपाच असतो.