यंत्रसंकेत भाषांतर

एका प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्रॅम, मूळ लिखाणाला हात न लावता, निराळ्या रचनेच्या प्रोसेसरवर चालवण्याची पद्धत. मेमरीतल्या आकड्यात भर घालायला इंटेलला एक आज्ञा पुरते; एआरएमला साधारणपणे तीन लागतात: आकडा उचला, मिळवा, परत ठेवा. भाषांतरक अशीच फोड करत जातो. ॲपलचे 2006 मधले ‘रोझेटा’ हे काम प्रोग्रॅम चालू असताना करी. 2020 चे ‘रोझेटा 2’ बरेचसे आधीच उरकून जपून ठेवते, म्हणून पहिल्यांदा उघडताना तेवढा वेळ लागतो. मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम इंटेलसारखा पाळण्याची सोय तर ॲपलने आपल्या एम1 चिपमध्येच केली. खरी हुशारी तीच.

प्रोसेसर बदलला की दरवेळी भाषांतरच लागते असे नाही. पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने (स्थापना 1988) ‘परम 8000’ हा महासंगणक (1991) ट्रान्सप्यूटर प्रोसेसरवर, तर ‘परम 10000’ (1998) अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर उभारला. शास्त्रीय गणितांचे मूळ लिखाण सहसा हाताशी असते. ते नव्याने कंपाइल करता येते. आळंदी-चाकणकडच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपकडे मात्र बहुधा तयार प्रोग्रॅमच असतो, आणि सोबत परवान्याचा डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचे छोटे उपकरण. प्रोग्रॅमचे भाषांतर होते. डोंगलच्या ड्रायव्हरचे होत नाही. तो नव्या प्रोसेसरसाठीच लिहावा लागतो.