‘जलसमाधी’ हा शब्द आणि ‘खुकरी’

नौका बुडाली की आपली वृत्तपत्रे ‘जलसमाधी मिळाली’ असे लिहितात. हा शब्द आपल्याकडे संतपरंपरेतून आला. एकनाथांनी पैठणला गोदावरीत जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. समाधी ‘घेतली’ जाते. तिच्यात निवड असते, पूर्णत्व असते. युद्धात बुडालेल्या जहाजासाठी हा शब्द वापरताना आपण नेमके काय बोलतो आणि काय झाकतो, हा प्रश्न ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेच्या निमित्ताने विचारावा, असे आम्हांस वाटते.

खानदेशाला समुद्र नाही. परंतु भुसावळजवळून वाहणारी तापी सुरतेपुढे ज्या अरबी समुद्राला मिळते, त्याच समुद्रात, पश्चिमेकडे, दीवच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर ‘खुकरी’ आजही तळाशी आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ती बुडाली. तिच्यासोबत 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक, असे 194 जण गेले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही पहिली युद्धनौका.

त्या युद्धातील नौदलाची कथा आपल्याकडे सहसा कराचीपासून सुरू होते. 4 डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला; 8 डिसेंबरला ‘विनाश’ने पुन्हा केला. पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका ‘म्हैसूर’ ही क्रुझर होती. या विजयकथेच्या सावलीत दुसरी, कमी सांगितली जाणारी कथा घडत होती. ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची पाकिस्तानी पाणबुडी नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच आपल्या पश्चिम किनाऱ्यावर टेहळणी करीत होती. तिचे कप्तान अहमद तस्नीम यांनी पुढे सांगितले आहे की, युद्ध सुरू होण्याच्या आदल्या रात्री मुंबईबाहेर पडणारा भारतीय ताफा त्यांच्या पाणबुडीवरून गेला. पण युद्ध जाहीर झाले नसल्याने त्यांना हल्ल्याची मुभा नव्हती.

पाणबुडीने पाठविलेल्या बिनतारी संदेशांवरून तिचा सुगावा लागला. तिच्या शोधासाठी 8 डिसेंबरला मुंबईहून चौदाव्या फ्रिगेट पथकाच्या ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या नौका निघाल्या. पथकातील तिसरी ‘कुठार’ बॉयलरच्या बिघाडामुळे उपलब्ध नव्हती. खुकरी, कृपाण, कुठार : तिन्ही नावे शस्त्रांची. प्रत्यक्षात या ब्रिटिश बनावटीच्या, 1950 च्या दशकातील लहान आणि स्वस्त पाणबुडीविरोधी नौका होत्या. त्यांच्या सोनार यंत्रणेला जितक्या अंतरावरचे ऐकू येई, त्याहून कितीतरी लांबचे ‘हंगोर’ ऐकू शकत होती. शिकारी कोण आणि सावज कोण, हे त्या रात्री नावांवरून ठरणार नव्हते.

पथकाचे प्रमुख आणि ‘खुकरी’चे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. सोनारचा पल्ला वाढविण्यासाठी तयार केलेल्या एका नव्या उपकरणाची चाचणी त्या वेळी ‘खुकरी’वर चालू होती आणि त्यासाठी नौकेची गती सुमारे 12 नॉटांपर्यंत उतरवली होती. पाणबुडीच्या शोधात संथ चालणे म्हणजे स्वतःच लक्ष्य होणे. हा धोका का पत्करला गेला, यावर पुढे बरीच चर्चा झाली. ते उपकरण तयार करणारा तरुण अधिकारीही नौकेवरच होता. तोही परतला नाही.

रात्री पावणेनऊच्या सुमारास ‘हंगोर’ने पहिला पाणतीर ‘कृपाण’वर सोडला, तो स्फोट न होता निघून गेला. दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांतच नौका बुडाली. खालच्या मजल्यांवरील बहुतेकांना वर येण्याइतका वेळही मिळाला नाही. ‘कृपाण’वर आणखी एक पाणतीर सुटला, ती वेगाने दूर गेली आणि बचावली. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या नौकेसह ती परतली, तेव्हा 67 जण जिवंत हाती लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याची ही पहिली घटना. पुढे 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात ‘जनरल बेलग्रानो’ ही अर्जेंटिनाची क्रुझर अशीच बुडाली आणि तिच्यासोबत 323 जण गेले.

कप्तान मुल्लांनी आपले जीवरक्षक जाकीट एका सैनिकाला दिले, इतरांना समुद्रात ढकलले आणि स्वतः नौका सोडली नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवच्या किनाऱ्यावर 1999 मध्ये स्मारक उभे राहिले. माझगाव डॉकमध्ये बांधलेली दुसरी ‘खुकरी’ 1989 मध्ये नौदलात आली आणि 2021 मध्ये निवृत्त झाली. 2022 मध्ये ती दीव प्रशासनाकडे सोपविण्यात आली.

इतिहासकार राजवाडे यांचा शेवट 1926 मध्ये धुळ्यात झाला. त्यांचे दफ्तर सांभाळणारे संशोधन मंडळ तेथेच आहे. बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान द्यावा, हा त्यांचा आग्रह आम्ही वर्गात सांगतो. ‘खुकरी’चीही एक बखर आहे आणि एक कागद आहे. बखरीत कप्तान नौकेसह जातो. कागदात सोनारचा अपुरा पल्ला, 12 नॉटांची गती, बंद पडलेला बॉयलर आणि अपुऱ्या साधनांनिशी काढलेला हुकूम आहे. बखर खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. मुल्लांच्या धैर्याला वाचलेल्यांची साक्ष आहे. मात्र बखर एकाच माणसाला प्रकाशात ठेवते. उरलेले 193 जण, विशेषतः खालच्या मजल्यांवरचे नौसैनिक, तिच्या कडेला राहतात. कागद वाचला तरच त्यांच्या मरणाला कारण सापडते. आणि ज्या मरणाला कारण असते, ते पुढच्या वेळी टाळता येण्याजोगे असते.

म्हणूनच शब्दाचा हा आग्रह. ‘जलसमाधी’ हा शब्द कदाचित मुल्लांना लावता येईल. त्यांनी निवड केली होती. इतरांना निवड मिळाली नाही. ते नौकेत अडकले, बुडाले, मारले गेले. असे लिहिल्याने त्यांचा मान उणावत नाही. उलट त्यांच्या मरणाविषयी प्रश्न विचारण्याची वाट मोकळी राहते, आणि हुतात्म्यांचे ते ऋण ‘जलसमाधी’ एवढे लिहून फिटण्यासारखे नाही.