जळाऊ लाकूड : पारख, वखार आणि वनकायदा

महाराष्ट्रात स्वयंपाकासाठी लाकूड विकत घेणे हा दीर्घकाळ मुख्यत्वे शहरांचा व्यवहार होता. खेड्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सरपण बहुतांशी गोळा केले जाई : बांधावरच्या बाभळीच्या फांद्या, रानातल्या काटक्या, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाट्या आणि या सर्वांच्या जोडीला शेणाच्या गोवऱ्या. लाकडाची पारख खेड्यातल्या या रोजच्या वापरातूनच घडली, आणि ती मुख्यतः स्त्रियांनी जपली, कारण सरपण आणणे आणि चूल पेटती ठेवणे ही दोन्ही कामे त्यांच्याच वाट्याला होती.

या पारखीत पहिला विचार लाकडाच्या जातीचा असे. बाभूळ, खैर, धावडा, ऐन यांचे लाकूड जड व दाट असल्याने ते सावकाश जळते आणि त्याचा निखारा टिकतो. तव्यावरून उतरवलेली भाकरी निखाऱ्यांच्या धगीला लावून फुगवण्याची रीत असल्यामुळे ज्वाळेइतकेच महत्त्व निखाऱ्याला होते. पांगारा, सावर, सालई ही हलकी लाकडे भराभर पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून त्यांचा उपयोग चूल पेटवण्यापुरता होई. वड, पिंपळ, औदुंबर हे वृक्ष पूज्य असल्याने त्यांचे लाकूड समिधा म्हणून, म्हणजे होमात अर्पण करण्यासाठी, वापरले तरी चुलीत घालणे अनेक घरांत निषिद्ध मानले जाई. दुसरा विचार ओलाव्याचा. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते आणि ते वाफ होऊन जाईपर्यंत उष्णतेचा मोठा भाग वाया जातो व घर धुराने भरते. म्हणून ओंडके फोडून त्यांच्या ढलप्या उन्हात वाळवत आणि पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवत. टोकांना पडलेल्या भेगा, सुटू लागलेली साल आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज या सुक्या लाकडाच्या खुणा होत.

शहरात हीच पारख वखारीत, म्हणजे लाकडाची साठवण व विक्री होई त्या जागेत, पैशाशी जोडली गेली. एकोणिसाव्या शतकात मुंबईला जळाऊ लाकूड मुख्यतः ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांतून येई आणि त्यातले बरेचसे खाड्यांतून होड्यांनी उतरवले जाई. विक्री मण आणि खंडीच्या मापाने होत असे. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि खंडी २० मणांची धरली जाई. वजनावर विक्री असल्यामुळे ओल्या लाकडाबरोबर गिऱ्हाईक पाण्याचेही पैसे मोजत असे, आणि म्हणून वखारीतली खरी घासाघीस भावाइतकीच लाकडाच्या सुकेपणावरून होई.

वखारीला लाकूड पुरवणाऱ्या प्रदेशांत याच काळात मूलभूत बदल घडत होता. १८६५ च्या वनकायद्यानंतर आलेल्या, त्याहून कठोर अशा १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी विभागणी केली. राखीव वनात जे स्पष्टपणे मंजूर नाही ते निषिद्ध ठरले, आणि सरपण, चराई व राब (भाताच्या रोपांसाठी बी पेरण्यापूर्वी फांद्या-पाला जाळून जमीन भाजणे) यांचा पूर्वापार वापर सरकारी सवलतीवर अवलंबून राहिला. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याने शेतकऱ्यांची डोंगर-राने हिरावल्याची तक्रार मांडली. विशेषतः ठाणे जिल्ह्यातील असंतोषामुळे १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला, तरी नियंत्रणाचा पाया बदलला नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात वऱ्हाडातल्या पुसदपासून कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरपर्यंत लोकांनी वनकायदे उघडपणे मोडले, तेव्हा गवत आणि सरपण यांवरील हक्काचा प्रश्न स्वातंत्र्याच्या प्रश्नाशी जोडला गेला. दरम्यान वारली, ठाकूर, कातकरी या आदिवासी कुटुंबांना डोक्यावरची मोळी विकून रोख पैसा मिळवावा लागे, आणि ज्या रानाची त्यांना सर्वाधिक माहिती होती तेथेच त्यांच्यावर चोरीचा आरोप येऊ शकत असे.

स्वातंत्र्यानंतर वजने दशमान झाली आणि शहरी स्वयंपाकघरांत रॉकेल व गॅस आल्याने घरगुती सरपणाच्या वखारी ओसरल्या. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने खैर व ऐन यांसारख्या झाडांची खाजगी जमिनीवरील तोडही परवानगीच्या कक्षेत आणली, तर पुढे सुबाभळीसारखी झपाट्याने वाढणारी झाडे इंधनासाठी मुद्दाम लावली गेली. मुंबईच्या पावभट्ट्यांत लाकूड एकविसाव्या शतकातही टिकून राहिले; हवेच्या प्रदूषणामुळे त्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश २०२५ मध्ये निघाले.

या साऱ्या इतिहासात लाकडाची निवड केवळ जाणकारीवर ठरली नाही. बाभूळ पांगाऱ्याहून सरस आहे हे मोळी विकणाऱ्या स्त्रीला वखारदाराइतकेच ठाऊक होते. परंतु उत्तम लाकूड कोणाच्या चुलीत जाईल हे कायद्याने आणि ऐपतीने ठरवले. महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना पदार्थांबरोबर त्या सरपणाचा आणि ते वाहून आणणाऱ्यांच्या श्रमांचा हिशेबही मांडला गेला पाहिजे, कारण त्यावाचून कोणतीही चूल पेटत नव्हती.