बजाज डोमिनार ४००

बजाज डोमिनार ४०० ही पुणे येथील बजाज ऑटो कंपनीची मध्यम क्षमतेची मोटारसायकल आहे. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत तिचे संकल्पनारूप 'पल्सर सीएस ४००' या नावाने मांडले गेले. डिसेंबर २०१६ मध्ये ती बाजारात आली. तिचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील चाकण येथे होते.

इंजिन
तिचे ३७३.३ सीसीचे एकसिलिंडर इंजिन द्रवशीतित आहे. आरंभी त्याची शक्ती ३५ पीएस होती. २०१९ मध्ये दोन कॅमशाफ्टची रचना आल्यावर ती ४० पीएस झाली. गिअर सहा आहेत. वेगात असताना गिअर एकदम कमी केल्यास मागच्या चाकाला बसणारा हिसका स्लिपर क्लचमुळे सौम्य होतो.

ब्रेक
आरंभी सुमारे १८० किलोग्रॅम वजन असलेले हे वाहन थांबवण्यासाठी दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. जोराने ब्रेक दाबल्यास चाक जाम होऊन वाहन घसरू शकते. एबीएस यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणोक्षणी कमी-जास्त करून चाक फिरते ठेवते. आरंभी एबीएस नसलेली आवृत्तीही मिळत असे. १२५ सीसीवरील दुचाकींच्या नव्या प्रारूपांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या प्रारूपांना एप्रिल २०१९ पासून भारतात एबीएस सक्तीचे झाले.